मागच्या सीटवरचं ग्रीस

शोरूममधल्या पोरानं नरेंद्रला परोपरीनं सांगून पाहिलं होतं. "सर, काळ्या सीट घ्या. आपल्याकडची धूळ, चिखल... बिस्किटी रंग टिकत नाही." पण नरेंद्रचं ठरलेलं होतं. गाडी त्याला आतून उजळ हवी होती. दार उघडलं की नुकत्याच धुतलेल्या चादरीसारखं काहीतरी दिसावं, एवढंच त्याला कळत होतं. का, ते त्यानं पोराला सांगितलं नाही, आणि सांगता आलंही नसतं.

नरेंद्र बदलापूरला शिरगावात राहायचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्या पॅक करणारी एक कंपनी होती, तिथे तो सुपरवायझर होता. अंगात पांढरा कोट, डोक्याला जाळीची टोपी, हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. नव्यानं लागलेली मुलं या धुण्यापुसण्याला चार दिवसांत वैतागायची. नरेंद्र इतक्या वर्षांत कधी वैतागला नाही. नळाखाली हात धरून बोटांच्या बेचक्या घासताना त्याला बरं वाटायचं.

त्याचं लहानपण उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात गेलं होतं. पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान आणि मागे एक खोली. दुकान त्याच्या वडिलांचं, बाळाजींचं. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. आजूबाजूला सगळी सिंधी दुकानं, कोणी कापडवाला, कोणी पापडवाला. त्यांच्या सायकली आबांकडे यायच्या आणि आबा त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलायचे. "अचो साईं, अचो!" म्हणत गिऱ्हाइकाला बसायला स्टूल पुढे करायचे. काम झालेलं नसलं की हसून "सुभाणे अचो" म्हणायचे, म्हणजे उद्या या. वाकडं झालेलं चाक स्टँडवर लावून ते बोटानं फिरवायचे, एकेक तार आवळायचे, आणि चाक सरळ झालं की ते नुसतं फिरताना बघत बसायचे.

आबांच्या हाताला ग्रीस नाही असा दिवस नरेंद्रनं पाहिला नव्हता. ते ग्रीस घरभर हिंडायचं. दाराच्या कडीला, माठाच्या झाकणाला, उशीच्या अभ्र्याला, नरेंद्रच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांना. त्याची आई बनूबाई आबांचे कपडे वेगळे काढून रॉकेलमध्ये भिजवायची, मग साबणात उकळायची, तरी काळपट झाक राहायचीच. एकदा शाळेत बाईंनी वहीवरून नरेंद्रला वर्गात उभं केलं. तो रडतच घरी आला. बनूबाई म्हणाली, "बापाच्या अंगठ्याचा ठसाय तो. त्याला घाण म्हणू नये." पण डिप्लोमाला गेल्यावर नरेंद्रनं आपला टॉवेल वेगळ्या खिळ्याला अडकवायला सुरुवात केली. आबांनी ते पाहिलं, आणि त्या टॉवेलला कधी हात लावला नाही.

पुढे सायकली कमी झाल्या, दुकान बंद झालं. नरेंद्रनं शिरगावात फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना घेऊन आला. बनूबाई गेली, आणि ती गेल्यावर वर्षभरात आबांचं काहीतरी बिनसायला लागलं. एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा विचारायचे. मग पाना फ्रिजमध्ये सापडला. मग जेवण झालेलं असताना "आज जेवायला नाही का देणार?" असं विचारून त्यांनी सुनेला शेजाऱ्यांसमोर खजील केलं. कल्याणच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडाला धरून दाखवला आणि म्हणाले, "औषधानं जरा सावकाश होईल. मागे फिरणार नाही. नजर ठेवा." नजर ठेवायची म्हणून नरेंद्रच्या बायकोनं, संजीवनीनं, बालवाडीची नोकरी सोडली. मुलगी पायल कॉलेजला, नरेंद्र ड्युटीवर. दिवसभर घरात ती आणि आबा.

गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक नरेंद्रनं बरेच महिने काढलंच नव्हतं. बसलं की ते चुरचुर वाजायचं, उन्हाळ्यात पाठीला चिकटायचं. पायल ओरडायची, "पप्पा, काय यार! लोक हसतात. निकाल दो ना." शेवटी मे महिन्यात एका शनिवारी त्यानं ते काढलं, घडी घालून माळ्यावर टाकलं. आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, आबा घरातून निघून गेले.

संजीवनी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली होती, तेवढ्यात. दाराची कडी उघडी, चपला जाग्यावरच. आबा अनवाणी गेले होते. नरेंद्र सोसायटीभर धावला, शिरगावच्या गल्ल्या, बाजार, स्टेशनचा जिना, सगळं पालथं घातलं. पायल स्कूटीवरून खरवईपर्यंत जाऊन आली. पोलीस चौकीत जावं का, असं चाललेलं असताना नरेंद्रचा फोन वाजला. आबांच्या प्रत्येक शर्टाच्या आतल्या पट्टीवर संजीवनीनं मार्करनं नंबर लिहून ठेवला होता, तो कोणीतरी वाचला होता.

"तुमचे म्हातारे बाबा हरवलेत का?" बाईचा आवाज होता. "मी अंबरनाथवरून बोलते. शिवमंदिराकडं. या लवकर, त्यांनी माझी सायकल खोलून ठेवलीय."

आबा रिक्षात बसून उल्हासनगरला निघाले होते म्हणे. खिशात काही नाही हे कळल्यावर रिक्षावाल्यानं मध्येच उतरवलं होतं. तिथून देवळाच्या रस्त्याला लागले.

नरेंद्र पोचला तेव्हा रस्त्याच्या कडेला सायकल सीट आणि हँडलवर उलटी करून ठेवलेली होती. मागचं चाक बाहेर, चेन बाहेर. बेलाच्या पानांच्या टोपलीतलं एक फडकं अंथरून त्यावर चाकाच्या बेअरिंगचे छर्रे मांडून ठेवले होते. आबा उकिडवे बसलेले, हात कोपरापर्यंत काळे. शेजारी ती बाई उभी होती. कुंदा तिचं नाव. बेल आणि फुलं विकायची, सायकलला टोपल्या बांधून ढकलत आणायची.

"मी बोलले, बाबा हवा बघतायत," ती सांगायला लागली. "गिऱ्हाइकाला हार देऊन वळते तर काय, अख्खी सायकल सोडलेली! ओरडणार होते. पण त्यांचे हात असे चालत होते ना... मला वाटलं, कारागीर माणूस आहे, जोडून देतील."

"ते कारागीरच आहेत," नरेंद्र म्हणाला.

"हो, पण जोडत नाहीत ते. कधीपासनं बघते मी."

नरेंद्र खाली बसला. आबांनी एक छर्रा उचलला, जागेजवळ नेला, आणि हात तिथेच थांबला. त्यांनी छर्रा फडक्यावर परत ठेवला. मग दुसरा उचलला. तो हात डोळे मिटून चाक जोडायचा हे नरेंद्रनं लहानपणापासून बघितलेलं होतं. आता तो हवेत अधांतरी राहत होता, आणि आबा त्या हाताकडे असे बघत होते की जणू तो कोणा दुसऱ्याचा असावा.

"आबा, चला. घरी जाऊ."

आबांनी मान वर केली. चेहरा एकदम हसरा झाला. "छा थियो, साईं? काय झालं? सुभाणे अचो. उद्या नक्की देतो."

नरेंद्रला क्षणभर वाटलं, थट्टा करतायत. मग कळलं की त्यांनी त्याला ओळखलेलं नाही.

सायकल तशीच सोडून जाणं बरं दिसलं नसतं. नरेंद्रला स्वतःला चाक जोडता येत नव्हतं, तो कधी शिकलाच नव्हता. "मी नीट करून आणून देतो," तो कुंदाला म्हणाला आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

"अहो, नवी गाडी दिसतेय. काळी होईल."

"होऊ दे," नरेंद्र म्हणाला. त्या वेळी त्याला खरंच तसं वाटलं होतं.

डिकीत सायकल मावेना, म्हणून ती मागच्या सीटवर आडवी घातली. आबांना पुढे बसवायला गेला तर ते सायकल सोडून हलेनात. शेवटी मागेच, उरलेल्या कोपऱ्यात, आबा बसले. मांडीवर चेन. अंबरनाथ स्टेशनजवळ एक दुकान उघडं सापडेपर्यंत सगळा वेळ त्यांनी ती चेन दोन्ही हातांत जपमाळेसारखी फिरवत ठेवली. दुकानदाराला सायकल दिली, कुंदाचा नंबर दिला, चेन आबांच्या हातातून हळूच सोडवून घेतली. घरी आल्यावर संजीवनीनं आबांना धरून वर नेलं. मग नरेंद्रनं मागचं दार सताड उघडून आत नीट पाहिलं.

सीटवर हातभर लांब काळा पट्टा, कडेला चेनच्या चाकाच्या दात्यांचे ठसे उमटलेले. पाठीच्या भागावर पॅडलचा गोल. सीटबेल्टवर बोटं, दाराच्या आतल्या कापडावर बोटं, आणि वर छताच्या पांढऱ्या कापडावर आख्खा पंजा. गाडी वळली तेव्हा आबांनी तोल सांभाळायला हात लावला असणार.

तो धावत वर गेला, भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी घेऊन आला, आणि जोर लावून घासायला लागला. काळा पट्टा पसरला. पट्ट्याचा डाग झाला, डागाचा ढग झाला. संध्याकाळी पायल मोबाइल घेऊन खाली आली. "पप्पा, इथे लिहिलंय, रगडना नहीं है. फक्त टिपून घ्यायचं. आधी पावडर टाकायची, ती तेल ओढते."

"आधी सांगायचंस ना."

"तुम्ही विचारलं कुठे?"

पावडर टाकली. बेसनही टाकलं. सकाळी ब्रशनं झाडलं तर सीटवर पिवळसर लगदा. तळमजल्यावरचा अवधूत स्वतःला गाड्यांतला जाणकार समजायचा. तो बाटलीत पेट्रोल घेऊन आला. "ग्रीसला पेट्रोलच लागतं, नरूभाऊ. कापूस घ्या, कडेकडून आत या." नरेंद्र कडेकडून आत आला. डाग फिका झाला खरा, पण कापडाचा रंगही उडाला, आणि भोवती पाण्याच्या पातळीसारखी एक करडी रेघ कायमची बसली. उरलेली बाटली अवधूतनं "असू द्या, लागेल" म्हणून नरेंद्रलाच दिली. त्यानं ती पार्किंगमधल्या कोनाड्यात ठेवून दिली. टूथपेस्ट झाली, दाढीचा फेस झाला. ड्युटीवर पॅकिंगचा पट्टा डोळ्यांसमोरून सरकत असायचा आणि नरेंद्रच्या मनात पुढचा उपाय चाललेला असायचा. आपण हे एवढं का लावून घेतलंय, हे त्याचं त्यालाही उमगत नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी तो उल्हासनगरच्या वॉशिंग सेंटरला गेला. तिथल्या माणसानं फेस मारला, मशीननं ओढून घेतला, आणि गाडी बाहेर आणली तेव्हा सीट जवळजवळ पहिल्यासारखी. नरेंद्रचा विश्वास बसेना. तो बोटानं कापड चाचपत राहिला. मालक म्हणाला, "साईं, अभी खुश मत हो. ग्रीस नीचे फोम में बैठा है. गरमी में वापस आएगा."

तसंच झालं. गाडी उन्हात उभी राहिली आणि आठवड्याच्या आत डाग खालून वर आला.

आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, त्या डागाची सगळ्यात जास्त काळजी आबांनाच लागली. दवाखान्यात न्यायला म्हणून गाडीत बसवलं की ते दचकायचे. "अरे, हे कुणी केलं?" दर वेळी नव्यानं. कधी नरेंद्रकडे वळून करड्या आवाजात म्हणायचे, "किती वेळा सांगितलं, हात धुतल्याबिगर गादीवर बसायचं नाही! तुझी आई किती धुणार?" त्या दिवशी निदान ते त्याला ओळखत तरी असायचे. नरेंद्र म्हणायचा, "चुकलं आबा." आबा मान हलवायचे, गाडी चालू व्हायची, आणि पुढच्या वळणावर पुन्हा, "अरे, हे कुणी केलं?"

घरात संजीवनी सुकत चालली होती. एक दिवस नरेंद्र नवा शाम्पू घेऊन आला, ओट्यावर ठेवला. तिनं बाटली उलटसुलट करून पाहिली.

"हे कशाला?"

"कारपेटचा आहे. बाहेरचा. यानं जाईल म्हणतात."

"अहो, मला दुपारी दोन तास घरात कोणीतरी पाहिजे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आबांना सोडून मला अंघोळीला जाता येत नाही. दार लावलं की ते बाहेरून ठोकत राहतात, ताई, ताई, माझं दुकान उघडायचंय म्हणून. मला माणूस बघून द्या. शाम्पू काय करू मी?"

"बघतो," नरेंद्र म्हणाला. त्यानं खरंच दोन-तीन ठिकाणी विचारलंही. पण कोणाला फक्त बाईमाणसाच्या सेवेलाच यायचं होतं, कोणाला लांब पडत होतं. तो शोध तसाच अर्धवट राहिला. शाम्पू मात्र त्यानं त्याच रविवारी लावून पाहिला.

मग दुसऱ्या दिवशीची ती दुपार आली. पहिल्या पाळीवरून नरेंद्र घरी येत होता. सोसायटीच्या फाटकातच पेट्रोलचा वास आला. शाम्पूनं भिजलेली सीट वाळावी म्हणून तो सकाळी गाडीची दारं उघडी ठेवून बसनं ड्युटीवर गेला होता. आता मागच्या दारातून दोन अनवाणी पाय बाहेर आलेले दिसत होते. आबा आत गुडघ्यांवर बसून सीट पुसत होते. अंगातला बनियन काढून त्याचंच फडकं केलेलं. कोनाड्यातली बाटली रिकामी, बाजूला लवंडलेली. सीट, पाठ, खालचं कार्पेट, सगळं ओलं, सगळं सारखं करडं झालेलं. आणि दहा पावलांवर वॉचमन खुर्चीत बसून बिडी ओढत होता.

आधी नरेंद्र वॉचमनवर धावून गेला, बिडी हिसकावून पायाखाली चिरडली. मग वळला, आणि आबांवर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. काय काय बोलला ते नंतर त्याला धड आठवेना. जळून मेला असता, अक्कल आहे का, काय मांडलंय हे, मला जगू द्यायचं नाही का. बाल्कन्यांतून लोक डोकावले. वर झोप लागलेली संजीवनी दचकून उठली आणि तशीच जिन्यावरून धावत आली.

आबा गाडीतून हळूहळू खाली उतरले. ओला बनियन दोन्ही हातांत छातीशी धरला. उघड्या अंगानं, खांदे पाडून, ते नरेंद्रसमोर उभे राहिले.

"साहेब, चूक झाली," ते म्हणाले. "तुमची गादी मी साफ करून देतो. मजुरी नको मला. पण ओरडू नका." त्यांनी फाटकाकडे घाबरून पाहिलं, आवाज आणखी खाली आणला. "पोरगा शाळेतनं येईल इतक्यात. त्याच्यासमोर नका बोलू, साहेब. त्याला लई लागतं."

'मीच तो' असं नरेंद्रनं म्हणावं, तर ते आबांना कळणार नव्हतं. माफी मागावी, तर ती कोण म्हणून मागायची? त्यांच्या लेखी समोर एक तापलेलं गिऱ्हाईक उभं होतं, आणि पोरगा अजून वाटेत होता. संजीवनी येऊन आबांच्या अंगावर आपली ओढणी टाकेपर्यंत नरेंद्र तसाच उभा होता.

"नाही बोलणार," शेवटी तो म्हणाला. "त्याच्यासमोर काही नाही बोलणार."

"उपकार झाले," आबा म्हणाले.

वर आणून त्यांना बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं. पेट्रोलनं तळहाताची सालटी निघाली होती, बोटांच्या पेरांवर फोड आले होते. संजीवनीनं आधी गार पाण्याची धार धरली, बराच वेळ. नंतर खोबरेल लावलं. "तुम्ही धरा," ती नरेंद्रला म्हणाली, "ते माझ्या हातातनं ओढून घेतात." नरेंद्रनं ते हात आपल्या हातांत धरले. नखांच्या कडेला जुनं, वर्षानुवर्षांचं काळं अजून होतं. ते कुठल्याच साबणानं गेलं नव्हतं. आबा शांतपणे त्याच्या डोक्यावरच्या जाळीच्या टोपीकडे बघत होते. कंपनीतून निघतानाच ती काढायची राहून गेली होती.

"कंपाउंडर का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगलं काम आहे. हात स्वच्छ राहतात."

त्यानंतर नरेंद्रनं सीटचा नाद सोडला. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि माणूस शोधायला निघाला. खरवईच्या गोजरबाई मिळाल्या. आडदांड, बोलघेवड्या, पूर्वी शेतावर जायच्या, आता म्हाताऱ्या माणसांची कामं करायच्या. त्या दुपारी यायला लागल्या आणि संजीवनीला पहिल्यांदा निवांत अंघोळ करता आली. काही जादू झाली नाही. आबांनी एकदा गोजरबाईंना चावा घेतला, एकदा त्यांच्या पिशवीत लघवी केली. "माझा सासरा यापेक्षा बेकार होता," म्हणून त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या. गाडीला गडद तपकिरी कव्हरं शिवून घेतली. छतावरचा पंजा कव्हराखाली झाकता येत नव्हता, तो राहिला. पायलनं एकदा कोणा मैत्रिणीला गाडीत घेतलं, तिनं विचारलं, "ये क्या है?" "दादाजी का हाथ है," पायल म्हणाली आणि विषय बदलला.

दिवाळीपर्यंत आबांचं बोलणं बरंच आटलं. चालणं अडखळायला लागलं. पळून जायची भीती उरली नाही, आणि ती उरली नाही याचंच नरेंद्रला वाईट वाटायचं. रात्रंदिवस कुठेतरी जायला निघालेला माणूस आता नेऊन बसवाल तिथे बसायचा. गाडीत मात्र तो शांत असायचा, डोळे उघडे ठेवून बाहेर बघायचा. म्हणून नरेंद्र रविवारी त्यांना फिरवायला न्यायचा.

असाच एकदा तो त्यांना चार नंबर कॅम्पात घेऊन गेला. मनात एक वेडी आशा होती, ती त्यानं संजीवनीलाही बोलून दाखवली नव्हती. दुकानाच्या जागी मोबाइल कव्हरांचं झगमगीत दुकान झालं होतं. नरेंद्रनं गाडी अगदी समोर लावली, मागची काच खाली केली. "आबा, बघा. कुठे आलोय?"

आबा बघत राहिले. रंगीत कव्हरांकडे, लोंबणाऱ्या वायरींकडे. चेहऱ्यावर काही हललं नाही.

पलीकडच्या फरसाणाच्या दुकानातून एक म्हातारे गृहस्थ चष्मा सावरत बाहेर आले. नरेंद्रला त्यांचा चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवेना. ते खिडकीशी वाकले. "अरे, बालाजी! बालाजीभाई!" त्यांनी आत हात घालून आबांचा हात धरला. सिंधीत भराभरा काहीबाही विचारलं. आबांनी परक्या माणसाकडे बघावं तसं सभ्यपणे हसून पाहिलं. म्हाताऱ्यांनी नरेंद्रकडे नजर टाकली. नरेंद्रनं मान हलवली. तसे ते दुकानात गेले आणि कागदी प्लेटमध्ये दाल-पकवान घेऊन आले.

"इसको तो बहुत पसंद था," ते म्हणाले. "खिला दे, बेटा."

नरेंद्र मागे जाऊन आबांशेजारी बसला. पकवानाच्या कुरकुरीत पुरीचा तुकडा मोडून, दाळ लावून, त्यानं तो त्यांच्या तोंडाशी नेला. आबांनी तोंड उघडलं. सावकाश, मन लावून चावलं. हनुवटीवरून दाळीचा ओघळ शर्टावर आला, तिथून कव्हरावर सांडला. नरेंद्रनं खिशातला रुमाल काढून आधी हनुवटी पुसली.

"अजून आहे?" आबांनी विचारलं.

"आहे," नरेंद्र म्हणाला आणि दुसरा तुकडा मोडला.